एचपीओ फायरमध्ये नेताना एकच कोड दोनदा येतोय, कुणी केलंय का?

आकडेमोड_८: मंडळी अडकलोय. दुर्मिळ आजारांच्या रजिस्ट्रीचं काम आहे, पेशंटची लक्षणं ह्यूमन फिनोटाइप ऑन्टोलॉजीत (एचपीओ, लक्षणांच्या टर्म आणि त्यांचे कोड) कोड केलीयेत आणि आता सगळं फायर आर४ मध्ये (आरोग्य डेटा देवाणघेवाणीचं स्टँडर्ड) द्यायचंय म्हणून एचपीओची आउल फाइल (ऑन्टोलॉजीचा फॉरमॅट) घेऊन पायथॉनने कोडसिस्टम (फायरमधली कोडची यादी) बनवला. तर व्हॅलिडेटर सीएसडी-१ म्हणून ओरडतोय, त्यात यूबेरॉन या शरीररचनेच्या ऑन्टोलॉजीतले अवयव पण यादीत घुसलेत जे मी मागितलेच नव्हते. आणि आकडीचा कोड एचपी:०००१२५० लुकअपला टाकला की सर्व्हर म्हणतो असा कोडच नाही!! दोन दिवस गेले यात.

सपाट_यादी: सीएसडी-१ म्हणजे एका कोडसिस्टममध्ये एक कोड एकदाच. तू कन्सेप्टच्या (म्हणजे टर्मच्या) पोटात कन्सेप्ट घातलेस ना? एचपीओ झाड नाहीये रे, कितीतरी टर्मना दोन-तीन पॅरेंट आहेत, मग स्क्रिप्ट तेच पोर दोन्ही घरी ठेवते. यादी सपाट कर आणि पॅरेंट ही प्रॉपर्टी लागेल तितक्यांदा दे. यूबेरॉन आउल फाइलच्या इम्पोर्टमधून येतं, इम्पोर्ट नसलेली एचपी-बेस फाइल वेगळी मिळते ती घे.

आकडेमोड_८: अरे हो, पोटातच घातलेत 🤦 पण आकडीचं काय?

रात्रपाळी: आउलमध्ये आयआरआयच्या (टर्मच्या वेब-पत्त्याच्या) शेवटच्या तुकड्यात कोलन नसतो, अंडरस्कोर असतो. तुम्ही शेवटचा तुकडा तसाच उचलला असणार. कोलन करा, आणि सिस्टमच्या जागी ओबोचा (ऑन्टोलॉजींचा सामायिक साठा) पर्ल पत्ता नको, फायर बनवणाऱ्या एचएल७ कडे एचपीओची यूआरएल वेगळी आहे.
अजून एक, रद्द झालेल्या टर्म गाळू नका. आम्ही फाइल सुटसुटीत दिसावी म्हणून गाळल्या आणि जुन्या पेशंटचे कोड एकदम अनाथ झाले, कुणाला आठवड्याभर कळलंच नाही. इनॅक्टिव्ह लावून ठेवा, बदली टर्म दिली असेल तर तीही प्रॉपर्टीत टाका.

सपाट_यादी: +१. डेटा एबीडीएमकडे (आयुष्मान भारत डिजिटल मिशन) जाणार असेल तर पुण्याच्या सी-डॅकमधल्या एनआरसीईएसचे (आरोग्य डेटा स्टँडर्डचं राष्ट्रीय केंद्र) फायर प्रोफाइल बघून घे, तिथे स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय कोडपद्धत) लागेल. भारत २०१४ पासून स्नोमेडचा मेंबर आहे त्यामुळे लायसन्सचे पैसे नाहीत. एका कोडेबलकन्सेप्टमध्ये (फायरमधला कोडचा रकाना) दोन्ही कोडिंग बसतात, एचपीओ काढायची गरज नाही. फक्त नावं जुळतात म्हणून मॅपिंग ठोकू नकोस, डॉक्टरला बसव शेजारी.

आकडेमोड_८: अंडरस्कोरच होता राव. आकडी सापडली, व्हॅलिडेटर पण गप्प. आता डॉक्टर शोधतो.