मदत हवी आहे : पतसंस्थेच्या काउंटरवर पासवर्डचे नियम कसे ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत संगणकाचं काम बघतो. संचालक मंडळाने पासवर्डचे नवे नियम लिहायला सांगितलेत, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सध्याचा नियम असा: आठ अक्षरं, त्यात एक कॅपिटल, एक अंक, एक चिन्ह, आणि दर ३० दिवसांनी बदल. त्यामुळे 'गणपती@०१'चं पुढच्या महिन्यात 'गणपती@०२' होतं आणि तेही कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलने लिहिलेलं सापडतं.

खरी काळजी वेगळी आहे. व्हाउचर एकाने टाकायचं, दुसऱ्याने पास करायचं. बाजाराच्या दिवशी काउंटरवर रांग असते, पासिंगचे साहेब जेवायला गेलेले असतात, मग त्यांचाच पासवर्ड टाकून कॅशियर एंट्री पास करतो. कुणाची नियत वाईट नाही, ताटकळलेली माणसं बघवत नाहीत इतकंच. पण उद्या अफरातफर झाली तर नाव येणार ते जागेवर नसलेल्या साहेबांचं.

अमेरिकेच्या 'निस्ट' या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या सूचनांत मुदतीने बदल आणि चिन्हांची सक्ती नको असं म्हटलं आहे. पासवर्ड फुटल्याची चिन्हं दिसली तरच बदला, लांब पासवर्ड चालू द्या, आणि आधीच फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. लांब पासवर्डसाठी फासे टाकून ७७७६ शब्दांच्या यादीतून चार शब्द काढून जोडले, तर ३६ कोटी कोटींहून जास्त शक्यता होतात. मला हे पटतं.

अडचण मराठी शब्दांची. टाइप करायचं रोमन लिपीत, आणि 'वांगी' कुणी एका 'ए'ने लिहितो, कुणी दोन. तीनदा चुकलं की लॉगिन बंद, आणि मग माझा फोन वाजतो. अशी यादी कुणी मराठीत केली आहे का, जिचं स्पेलिंग एकाच तऱ्हेने होईल?

दुसरं, काउंटरवर मोबाइल नेता येत नाही, म्हणजे ओटीपी बाद. पासिंगपुरती यूएसबी सिक्युरिटी की (संगणकाला लावल्याशिवाय लॉगिन होत नाही अशी छोटी किल्ली) द्यावी असा विचार आहे. साहेब उठताना ती खिशात घालून नेतील. आणि जेवणाच्या वेळेत पासिंगला दुसऱ्या अधिकाऱ्याला स्वतःचं लॉगिन द्यावं. कुणी असं वापरलंय का? जुन्या संगणकांवर नीट चालतं का?

आणि लेखापरीक्षकांच्या तपासणी यादीत 'पासवर्ड नियमित बदलतात का' हा रकाना आहेच. तिथे 'नाही' लिहून ते कुणी मान्य करून घेतलं असेल, तर ठरावात काय कारण दिलं होतं ते कृपया सांगा. मसुदा पुढच्या सभेत ठेवायचा आहे.