स्पॅनिश बी-१ (मधली पातळी) झाल्यावर व्याकरण कुठे अडतं?

आत्मचरित्र नको. नियम, हमखास होणारी चूक आणि तिच्यावरचा उपाय लिहा.

खारी_बिस्कीट: सब्जंक्टिव्हच्या (शंका, इच्छा, न घडलेल्या गोष्टींसाठीचं क्रियापदाचं रूप) याद्या पाठ करून फार काही साधत नाही. वाक्याचा आधीचा तुकडा माहिती सांगतोय का, ते बघा; सांगत असेल तर साधं रूप, नाहीतर सब्जंक्टिव्ह. 'क्रेओ के बिएने' (तो येतोय असं वाटतं), पण 'नो क्रेओ के बेंगा' (तो येईल असं वाटत नाही). 'बुस्को ऊना कासा के तेंगा हार्दीन' म्हणजे बागवालं कुठलंही घर चालेल. 'तिएने' म्हटलंत तर ठरावीक घर शोधताय, समोरचा पत्ता विचारणार. जास्तीत जास्त मार्क 'क्वांदो' (जेव्हा) खातो. पुढची गोष्ट असेल तर 'क्वांदो येगेस, यामामे' (पोचलास की फोन कर). तिथे 'येगारास' हे भविष्यकाळी रूप चूक. 'आन्तेस दे के'नंतर (च्या आधी) मात्र कायम सब्जंक्टिव्ह, घटना भूतकाळातली असली तरी.

मिरजेचा_तंबोरा: भूतकाळी सब्जंक्टिव्ह: प्रेतेरितोचं (साध्या भूतकाळाचं) 'ते' (अनेकवचनी) रूप घ्या, 'रोन' काढा, 'रा' लावा. दिहेरोन–दिहेरा (म्हणणे), तुबिएरोन–तुबिएरा (असणे, जवळ असणे). अपवाद एकही नाही! 'आम्ही'च्या रूपात टिल्दे (अक्षरावरची आघाताची तिरकी खूण) राहून जाते. तुबिएरामोसमध्ये ती 'ए'वर. जर-तरच्या वाक्यात 'सी'नंतर (जर) हेच रूप: 'सी तुबिएरा तिएम्पो, इरीआ' (वेळ असता तर गेलो असतो). 'सी तेन्द्रीआ' स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क भागात ऐकू येतं, पेपरात लिहू नका.

चकली_वाकडी: मराठीवाल्यांना काही गोष्टी आयत्या मिळतात. 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात: क्रियापद आंब्यांप्रमाणे. 'बेओ आ मारीआ', पण 'बेओ ला कासा': मारियाला बघतो, घर बघतो. 'से मे कायो एल बासो', माझ्या हातून ग्लास पडला.
गोची 'त्याला'ची. त्याला पाहिलं तर 'लो बी', त्याला पुस्तक दिलं तर 'ले दी एल लिब्रो'. (माणसासाठी 'ले बी' स्पेनमध्ये चालतं, पण बाईसाठी किंवा वस्तूसाठी नाही.) दोन्ही सर्वनामं एकत्र आली की 'ले'चं 'से' होतं: 'से लो दी'. 'ले लो' कधीच नाही.

दुपारचा_चहा: डेले बी-२ (स्पॅनिशची परीक्षा, बी-१च्या पुढची पातळी) देणाऱ्यांसाठी: वाचन-लेखन 50, श्रवण-संभाषण 50, दोन्ही गटांत किमान 30 हवेत. लेखनातली कसर बोलून भरून निघत नाही.

नवखा: 'आउन्के'चं (जरी) काय?

खारी_बिस्कीट: 'आउन्के युएबे', पाऊस पडतोय तरी. 'आउन्के युएबा' (सब्जंक्टिव्ह), पडला तरी.