रेसिपीत ओव्हन ३५० वर ठेवा लिहिलंय, आपल्या ओटीजीवर (घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनवर) किती ठेवायचं?

खमंग_नाशिक:
माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिने केळ्याच्या ब्रेडची रेसिपी पाठवली आणि त्यात ३५० वर एक तास एवढंच लिहिलंय. माझ्या ओटीजीचं बटण २५० लाच संपतं, म्हटलं निदान फुल तरी ठेवू, तर वीस मिनिटांत वरून काळाकुट्ट आणि मधे सुरी घातली तर कच्चं पीठ. केळी, लोणी, अक्रोड सगळं टाकून द्यावं लागलं, फार जिवाला लागलं. आता कळलं की ते फॅरनहाइट होतं. शिवाय सासूबाईंकडे एक जुनं इंग्लंडचं पुस्तक आहे त्यात सगळीकडे 'गॅस मार्क ४' असं दिलंय, ते काय असतं? दर वेळी फोन न उघडता लक्षात राहील असं काही सांगा ना प्लीज.

पाटा_वरवंटा:
अगं ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस, बटण १७५ आणि १८० च्या मधे ठेव. हिशोब असा की ३२ वजा करायचे, ५ ने गुणायचं, ९ ने भागायचं. पण हात पिठात असताना कोण करत बसणार, मी सरळ निम्मं करते. ३५० चे १७५, ४०० चे २०० (खरे २०४), केकला एवढ्याने काही बिघडत नाही. ४२५ च्या वर गेलीस तर मात्र निम्म्यात सहा-सात मिळव, ४५० चे खरे २३२ होतात आणि पिझ्झाला तो फरक कळतो.

सोलापुरी_चटका:
निम्म्याचा नियम फक्त ओव्हनच्या आकड्यांपुरता वापरा हं, हे कळकळीने सांगतोय. अमेरिकन रेसिपीत यीस्टसाठी पाणी ११० डिग्री लिहितात, निम्मं करून ५५ सेल्सिअसचं घेतलंत तर यीस्ट मरायला लागतं आणि पाव फुगतच नाही. ते खरं ४३ आहे, म्हणजे बोट घातलं तर छान कोमट लागेल एवढंच. चिकन आतून १६५ व्हायला हवं म्हणतात ते ७४ सेल्सिअस. अशा ठिकाणी पूर्ण हिशोब करा, आळस नको.

लंडनची_सून:
गॅस मार्क म्हणजे इथल्या जुन्या गॅस ओव्हनच्या बटणावरचे आकडे. ४ म्हणजे तुमचे तेच ३५० फॅरनहाइट, इथल्या पुस्तकात १८० सेल्सिअस छापतात. ४ लक्षात ठेवा आणि एक आकडा वर-खाली गेला की २५ फॅरनहाइट वर-खाली करा, सेल्सिअसमधे साधारण १४. म्हणजे ३ ला १६० च्या आसपास, ६ ला २००. (१ च्या खाली अर्धा, पाव असे मार्क असतात, तिथे हे चालत नाही पण ते मेरिंग, म्हणजे फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा गोड पदार्थ, अशा गोष्टींना लागतात.) आणि पंख्याचा ओव्हन असेल तर २० सेल्सिअस कमी, इथे रेसिपीत '१८०, फॅन १६०' असं दोन्ही देतात. तुमच्याकडच्या मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड पण पंख्याचाच, त्यात नानकटाई करणाऱ्या मैत्रिणी नेमकं हेच विसरतात आणि कडा करपतात.

पाटा_वरवंटा:
हो हे महत्त्वाचं! ओटीजीतही पंख्याचं बटण असतं काहींना, ते बंद आहे ना बघ.

दापोलीकर:
आकडा बरोबर लावला तरी ओटीजी तेवढा तापतोच असं नाही. आमच्याकडचा १८० ला लावला की आत २०० च्या वर जातो, हे ओव्हनमधे ठेवायचा साधा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं, त्याआधी दोन वर्षं बायको स्वतःच्या हाताला दोष देत होती. फार महाग नसतो, घ्याच. प्रीहीट नीट पंधरा मिनिटं करा, भांडं मधल्या जाळीवर ठेवा कारण लहान ओटीजीत वरचा रॉड अगदी डोक्यावर असतो. काचेचं भांडं असेल तर अजून १०-१५ ने कमी.

खमंग_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. पंखा चालूच होता माझा! आज बंद केला, काचेचं भांडं म्हणून १६५ वर ठेवला, चाळीस मिनिटांनी वर फॉइल टाकली, एक तास पाच मिनिटांनी सुरी कोरडी आली. नणंदेला फोटो पाठवलाय. दापोलीकर, थर्मामीटर जाळीला टांगायचा घेऊ की उभा ठेवायचा?

दापोलीकर:
टांगायचा. उभा असतो तो आमच्याकडे दर वेळी आडवा पडतो.