मदत हवी आहे: होडीचं १५ एचपी आउटबोर्ड इंजिन फॉरवर्डमधून सुटतंय, रॉड की डॉग क्लच?

राम राम मंडळी. चिकोडी तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव आमचं. कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेला की पलीकडच्या मळ्यातनं वैरण आणायला होडीच. २०१९ च्या महापुरानंतर गावातल्या पोरांनी वर्गणी काढून जुनं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं, टिलरचं (हातातल्या दांड्यानं वळवायचं).

यंदा गाळानं इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाचा इंपेलर (आतली रबरी चक्री) खाल्ला. तो बदलायला गिअरकेस (खालचा गिअर आणि पंख्याचा भाग) उतरवून परत बसवला. पाणी झकास मारतंय, पण तेव्हापासून नवीन दुखणं. हळू चालवलं तर काही नाही. धारेच्या उलट जाताना थ्रॉटल दिला की खालून कडकड वाजतं, गिअर क्षणभर सुटतो, इंजिन बोंबलतं आणि दणका देऊन परत धरतो. रिव्हर्स मात्र घट्ट बसतो.

पंख्याचा रबरी बुश घसरतोय का बघायला आतल्या नळीपासून पंख्यापर्यंत ऑइलपेंटची रेघ ओढून चालवलं. रेघ जागच्या जागी. गिअर ऑइल दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. ड्रेन स्क्रूच्या चुंबकाला करडा लगदा होता, बोटांत चोळला तर मऊ, कपचे नाहीत.

पंपसेटचे मिस्त्री इकडं रग्गड, पण ह्याला कोणी हात लावत नाही. जो तो म्हणतो मालवणला न्या. गिअरकेस न उघडता काही कळेल का?

प्रतिसाद
दादा, गिअरकेस बसवल्यापासून सुरू झालंय ना, मग आधी शिफ्ट रॉडच बघा, म्हणजे लिव्हरपासून खाली गिअरपर्यंत जाणारी सळी. जोडताना लांबी चुकली की एक गिअर पुरता बसतो आणि दुसऱ्याचे दाते नुसते टोकाला धरतात. प्लगच्या वायरी काढा (हे विसरू नका, बोटं जातील), लिव्हर न्यूट्रलला ठेवून पंखा हातानं फिरवा. अगदी मोकळा फिरायला पाहिजे. फॉरवर्डला एका दिशेनं टकटक करत सुटला तर घाबरू नका, बऱ्याच इंजिनांत तशीच रचना असते.

रॉड बरोबर असूनही सुटत असेल तर डॉग क्लचच्या (गिअरला दात्यांनी धरणारा सरकता तुकडा) कडा गोल झाल्यात. मग उघडावंच लागेल, आणि क्लचबरोबर फॉरवर्ड गिअरही बदला. झिजलेला गिअर नव्या क्लचला खातो. आणि गिअर दबकत टाकू नका, आयडलला आणून एका झटक्यात टाका. कडा त्यानंच झिजतात.

धागाकर्ता
बघितलं अण्णा. न्यूट्रलला पंखा रिव्हर्सच्या बाजूला घासतोय, बारीक कटकट ऐकू येते. म्हणजे रॉडच की. लॉकनट गंजलाय, रात्रभर डिझेल लावून ठेवतो. अॅडजस्टर एका वेळी अर्धा फेरा फिरवून बघू, की गिअरकेस परत थोडा खाली घ्यावा लागेल?