ॲपमध्ये तीनच रंग ठेवले तर भागेल का? (दूध संकलनाचं ॲप)

केशरी_बटण
मंडळी, गावच्या डेअरीसाठी छोटं ॲप करतोय, सकाळ-संध्याकाळची नोंद, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि दहा दिवसांचं बिल एवढंच. पण करता करता गाय निळी, म्हैस जांभळी, सकाळ पिवळी, पैसे दिले तर हिरवं, बाकी असेल तर लाल असं होत गेलं, काल मोजले तर ११ रंग निघाले, स्क्रीन बघून रंगपंचमीनंतरचा शर्ट आठवतो. कमी करायचेत, पण मग गाय-म्हैस ओळखायची कशी? आणि सेक्रेटरींना केशरी हवाच, त्यावर चर्चा नाही 😅

राखाडी_बरा
किती रंग ते नंतर बघ रे, आधी कुठल्या रंगाचं काम काय ते ठरव. सगळी स्क्रीन राखाडी कर आणि जे दाबायचं तेवढंच केशरी ठेव. आत्ता वरची पट्टी केशरी, आयकॉन केशरी, बटण पण केशरी असणार, मग माणसाने बोट ठेवायचं कुठे? ६०-३०-१० चा नियम (६० टक्के मुख्य रंग, ३० टक्के दुसरा, १० टक्के उठून दिसणारा) सगळे सांगतील, घर सजवणारे पण तोच सांगतात, अंदाजाला ठीक आहे पण फूटपट्टी घेऊन बसू नकोस.

चष्मेवाली
बटणावर पांढरी अक्षरं आहेत का? एफएफ९९३३ हा रंग-कोड असलेला नेहमीचा केशरी असेल तर पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजेडातल्या फरकाचं गुणोत्तर) जेमतेम २.१ भरतो, डब्ल्यूसीएजी म्हणजे सगळ्यांना वापरता येतील अशा वेबसाइटसाठीच्या नियमावलीच्या एए लेव्हलला साध्या मजकुरासाठी ४.५ लागतो. तेच काळी अक्षरं घाल, १० च्या जवळ जातो. डेअरीच्या दारात उन्हात उभं राहून बघ, लगेच कळेल.

शेण_आणि_शेडर
सगळं राखाडी मला नाही पटत, शेवटी पावतीपुस्तक दिसतं ते. पण गाय-म्हैस रंगाने दाखवू नकोस हे खरं. चित्र काढ, म्हशीची शिंगं मागे वळलेली, वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कळतं. आणि अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘सिम्युलेट कलर स्पेस’ आहे, तिथे मोनोक्रोमसी (सगळं फक्त राखाडी छटांत दाखवणारी सेटिंग) लाव आणि बिलाचं पान उघड.

केशरी_बटण
लावलं. दिले आणि बाकी, दोन्हींचे गोल ठिपके सेम टू सेम राखाडी!! मी हिरवा आणि लाल इतका जपून निवडला होता आणि दोघांचा उजेड एकच निघाला, म्हणजे ज्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही त्याने काय समजायचं.

चष्मेवाली
ठिपके काढ, शब्द लिही. ‘बाकी ₹१,२४०’ आणि तेवढंच ठळक लाल. ‘दिले’ला रंगच नको, त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

केशरी_बटण
केलं. आता राखाडीच्या छटा, केशरी आणि हा एक लाल. गाय-म्हैस शिंगांवर. सेक्रेटरींनी फोन उन्हात धरला, बटणावरची काळी अक्षरं वाचली आणि म्हणाले, बरंय, पण वरची पट्टी केशरी का नाही?