शिवदास भादुडी: १९११ च्या फायनलमधला दुसरा गोल कुणाचा?

पेठेतला_लेफ्टआउट:
कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या चौदा वर्षांखालच्या पोरांना सकाळी फुटबॉल शिकवतो. डाव्या बाजूला एक पोरगं आहे, वाऱ्यासारखं पळतंय. पण बॉल मिळाला की मान खाली, तिघांच्यात घुसणार, आणि गोलसमोर मोकळा असलेला सेंटर फॉरवर्ड हात वर करून ओरडत राहणार. रागावून झालं, बाहेर बसवून झालं. आता त्याला कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबच्या शिवदास भादुडींचं सांगावं म्हणतोय, तेही लेफ्ट आउटच, म्हणजे डाव्या कडेचे फॉरवर्ड. पण एके ठिकाणी वाचलं की १९११ च्या आयएफए शील्ड या कलकत्त्यातल्या स्पर्धेच्या फायनलचे दोन्ही गोल त्यांचे, दुसरीकडे अभिलाष घोषचं नाव आहे. पोराला चुकीचं सांगायचं नाही. नक्की काय झालं होतं?

हुगळीकाठचा_मराठी:
दादा, दुसरा गोल अभिलाषचाच. आणि तुमच्या पोराला सांगायची गोष्ट नेमकी तीच आहे!

बावीस वर्षं झाली मला कोलकात्यात. इथले म्हातारे ही मॅच काल बघून आल्यासारखी सांगतात. २९ जुलै १९११, शनिवार. समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, गोऱ्या सैनिकांची टीम. मैदानावर एवढी गर्दी की मागच्यांना काही दिसेना, म्हणून स्कोअर कळवायला पतंग उडवले. दुसऱ्या हाफमध्ये जॅक्सननं फ्री किकवर गोल केला आणि मोहन बागान मागे पडलं. मग शिवदासांनी बरोबरी साधली. शेवटची काही मिनिटं उरली असताना बॉल पुन्हा त्यांच्याच पायात आला. ते कॅप्टन, एक गोल नुकताच मारलेला, अख्खं मैदान त्यांच्या नावानं ओरडतंय. दुसरा कुणी असता तर स्वतःच मारला असता. त्यांनी बचाव आपल्याकडे ओढून घेतला आणि बॉल अभिलाषला दिला. २-१.

ते गोल मारायला कचरत होते असं पोराला वाटू देऊ नका. १९०५ मध्ये चिनसुऱ्याला ग्लॅडस्टोन कपात डलहौसी क्लबला ६-१ हरवलं, त्यातले चार गोल एकट्या शिवदासांचे. मारता येत असूनही दिला, हे नीट सांगा.

आणि त्यांच्या आतल्या बाजूला, लेफ्ट इनला, सख्खा भाऊ विजयदास खेळायचा. डावी बाजू दोघा भावांची. दोघं एकमेकांना न बघता पास देत असतील, असं मला नेहमी वाटतं.

गोलकीपर_निवृत्त:
एक भर घालतो. अनवाणी खेळले म्हणून जिंकले, असं पोरांना सांगू नका. अकरांपैकी दहा अनवाणी होते हे खरं, फक्त सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते. पण ओल्या मैदानावर अनवाणी पाय घसरतो, आणि समोरच्याचा बूट नडगीवर बसला की काय होतं ते मी सोसलंय. ते जिंकले ते खेळावर. फायनलच्या आधी सेंट झेवियर्स, रेंजर्स, रायफल ब्रिगेड आणि मिडलसेक्स रेजिमेंट यांना हरवलं. मिडलसेक्सशी पहिली मॅच १-१ झाली, ती पुन्हा खेळून ३-० ने जिंकली. ही तयारी होती, चमत्कार नव्हे. एवढं करूनही कलकत्ता लीगचं दार त्यांना १९१४ मध्ये उघडलं, तेही दुसऱ्या डिव्हिजनचं. मला याचा आजही संताप येतो.

कूपरेजचा_प्रेक्षक:
मुंबईचा धागा जोडतो. मोहन बागान १९२३ मध्ये इथे रोव्हर्स कपच्या फायनलपर्यंत आलं होतं, डरहम लाइट इन्फंट्रीकडून हरलं. आणि १९११ नंतर शील्ड पुन्हा भारतीय टीमकडे यायला १९३६ उजाडलं, ती मोहम्मेडन स्पोर्टिंगनं जिंकली. पंचवीस वर्षं! त्या एका पासचं वजन यावरून कळतं.

पेठेतला_लेफ्टआउट:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी प्रॅक्टिसच्या आधी पोरांना रिंगण करून बसवलं आणि फायनल सांगितली. बॉल शिवदासांच्या पायात आला तिथं थांबून त्यालाच विचारलं, आता काय करशील? म्हणाला, "मारणार की सर!" पुढचं सांगितलं. काही बोलला नाही, बुटाची नाडी सोडून परत बांधत बसला.

नंतर मॅच लावली. सवयीनं दोघांत घुसला, मग टाच लावून थांबला, मान वर केली. पास जरा मागे पडला, सेंटर फॉरवर्डनं वळून मारला तो बारवरून गेला. गोल नाही झाला. पण त्यानं मान वर केली हो, पहिल्यांदाच!