राजन यांनी चढ्या व्याजदरानं लघुउद्योग मारले की नाही?

भोसरीकर: काल इथे कुणीतरी रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांना 'रुपया वाचवणारे गव्हर्नर' म्हटलं. राहवलं नाही म्हणून लिहितोय. सप्टेंबर 2013 मध्ये ते आले तेव्हा रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो दर, 7.25 टक्के होता. जानेवारी 2014 ला तो 8 वर नेला आणि वर्षभर तिथेच धरला. माझं दोन लेथ मशीनचं वर्कशॉप. कॅश क्रेडिटला, म्हणजे रोजच्या खर्चासाठीच्या बँकेच्या कर्जाला, साडेचौदा टक्के. कंपनी बिल नव्वद दिवसांनी द्यायची, व्याज मात्र दर महिन्याला खात्यातून जायचं. दिवाळीत एक मशीन विकलं.

निवृत्त कॅशियर: आणि त्याआधीचा ऑगस्ट? डॉलर 68 रुपयांच्या वर गेला होता. राजन यांनी एफसीएनआर, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या परकी चलनातल्या, ठेवींसाठी बँकांना सवलतीचा स्वॅप दिला (डॉलर रुपयात बदलून पुढे ठरलेल्या दरानं परत घ्यायची सोय), नोव्हेंबरअखेर 26 अब्ज डॉलरच्या आसपास आले. किरकोळ महागाई तेव्हा 11 टक्क्यांवर होती. अशा वेळी दर कसा उतरवणार?

ठेवीदार: कर्जाचंच बोलताय सगळे. आईला पेन्शन नाही, एफडीच्या व्याजावर घर चालतं. नऊ टक्के मिळत होते ती दोन वर्षं जरा बरी गेली. पुढे दर उतरले आणि दर नूतनीकरणाला पावती बघून ती गप्प बसायची.

भोसरीकर: ते नऊ टक्के माझ्याच खिशातून जात होते.

ठेवीदार: उलट बोलू नका! तुमचं कॅश क्रेडिट तिच्यासारख्यांच्या ठेवीतून दिलेलं होतं.

निवृत्त कॅशियर: भांडू नका. 2016 मध्ये राजन यांनी डोशाच्या किमतीचं उदाहरण देऊन ठेवीदारांना सांगितलं होतं: व्याज 10 वरून 8 वर आलं, पण भाववाढ 10 वरून साडेपाचवर आली, तर मुद्दलाची खरेदीची ताकद कमी झिजते.

ठेवीदार: मुद्दल तिला मोडायचीच नाहीये. महिन्याला हातात किती येतात, ते सांगा. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी स्वस्त झालेली मी पाहिली नाही.

निवृत्त कॅशियर: हे मात्र खरं आहे, मान्य. पण भोसरीकर, तुमचा राग चुकीच्या माणसावर आहे. 2015 मध्ये रेपो सव्वा टक्क्यानं उतरला, बँकांनी त्यातला निम्माही कर्जदाराला दिला नाही. का? मोठी खाती बुडीत होती. आमच्या शाखेत मार्चअखेर जवळ आली की एका बड्या खात्याला नवं कर्ज मिळायचं, त्यातून जुना हप्ता भरायचा, खातं कागदावर चांगलं. तुमचा मात्र एक हप्ता चुकला की फोन. राजन यांच्या एक्यूआरनं, म्हणजे रिझर्व्ह बँकेनं केलेल्या बँकांच्या कर्जखात्यांच्या तपासणीनं, ती झाकपाक उघडी पाडली.

भोसरीकर: एक्यूआर हवाच होता, तेवढं मानतो. पण तो सुरू झाला 2015 च्या उत्तरार्धात. माझं मशीन 2014 च्या दिवाळीतच गेलं.

ठेवीदार: आणि आईची पावती पुढच्या महिन्यात पुन्हा नूतनीकरणाला आहे.